गुण किती, कीं चूक कोठें ?

निकालाचा दिवस आला म्हणजे शाळेच्या फाटकापाशीं एकच प्रश्न ऐकूं येतो : "किती पडले ?" आई मुलास विचारते, शेजारी आईस विचारतात, आणि मूल घरीं पोंचण्यापूर्वींच त्याचे गुण घरीं पोंचलेले असतात. या प्रश्नांत कांहीं वावगें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांनीं वर्षभर पदरमोड करून मुलास शाळेंत धाडिलें, पहांटे उठून त्याचा डबा भरून दिला, त्यांस फळ काय मिळालें हें विचारण्याचा अधिकार आहेच. परंतु गणित व शास्त्र हे विषय शिकवितांना आम्हांस जो अनुभव आला, त्यावरून आम्हांस असें नम्रपणें सुचवावेंसें वाटतें कीं, दुसरा एक प्रश्न मुलाच्या अधिक हिताचा आहे. तो प्रश्न म्हणजे "चूक कोठें झाली ?" हा होय. त्या दुसऱ्या प्रश्नाची बाजू मांडण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

आरंभीं आमच्याच वर्गांत घडलेली एक गोष्ट सांगतों. वनस्पति आपलें अन्न कसें तयार करितात हा धडा पुरा झाला होता. कार्बन डायॉक्साइड व पाणी यांपासून, सूर्यप्रकाश व हरितद्रव्य यांच्या साहाय्यानें, ग्लुकोज तयार होतें व ऑक्सिजन बाहेर पडतो, हें समीकरण मुलांनीं चांचणींत बिनचूक लिहिलें होतें आणि आम्हींही मोकळ्या हातानें गुण दिले होते. दुसऱ्या दिवशीं सहज म्हणून आम्हीं विचारिलें, "मैदानांतल्या त्या वडाचें लाकूड एवढें जड, हें सारें वजन आलें कोठून?" बहुतेकांनीं एकच उत्तर दिलें : "मातींतून, सर !" ज्यांना पैकींच्या पैकीं गुण पडले होते तेही त्यांत होते. मुलांचें समीकरण पाठ झालें होतें. परंतु झाडाचें अंग मुख्यतः हवेंतून व पाण्यांतून घडतें, मातींतून त्यास मिळतात ते क्षार अगदीं थोडे, ही गोष्ट त्यांच्या मनांत शिरलीच नव्हती. चांचणीनें जें आम्हांस सांगितलें नाहीं, तें एका साध्या प्रश्नानें सांगितलें.

मग आम्हीं मुलांना व्हान हेल्माँट याची हकीकत सांगितली. आजच्या बेल्जियममध्यें राहणाऱ्या या गृहस्थानें एका कुंडींत २०० पौंड वाळविलेली माती घेतली, तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाच्या जातीचें रोप लाविलें, आणि पांच वर्षें त्यास नुसतें पाणी घातलें. अखेरीस झाड भरलें १६९ पौंड, आणि माती घटली होती अवघी सुमारें २ औंस ! हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं छापून प्रसिद्ध झाला. झाड माती खाऊन वाढत नाहीं हें त्यानें दाखविलें. परंतु तें सारें पाण्यापासूनच बनलें असा निष्कर्ष काढून तोही चुकला. गंमत ही कीं, 'गॅस' हा शब्द ज्यानें रूढ केला त्याच्याच ध्यानांत हवेचा वांटा आला नाहीं. ही हकीकत ऐकतांच मुलांचे चेहरे उजळले. एवढा मोठा संशोधक अर्ध्या वाटेवर चुकतो, तर आपण चुकलों यांत लाज ती कसली, असें त्यांस वाटलें असावें. त्या दिवशीं वर्गांत जितके प्रश्न निघाले तितके त्या सबंध सत्रांत निघाले नव्हते. चूक उघडी पडली आणि शिकणें तेथूनच सुरू झालें.

परीक्षा दोन प्रकारची असते. पीक कापून खळ्यावर आल्यावर शेतकरी धान्य मापतो, ही एक परीक्षा. पीक उभें असतां तो रोज बांधावरून फेरी मारतो, पान पिवळें पडलें काय, कीड लागली काय, पाणी कोठें तुंबलें काय, हें पाहतो आणि त्याच दिवशीं उपाय करितो, ही दुसरी. माप कितीही चोख असलें तरी खळ्यावर आलेलें धान्य त्यानें वाढत नाहीं. वाढतें तें बांधावरच्या फेरीनें. शिक्षणशास्त्रांत हा भेद १९६७ सालीं मायकेल स्क्रिव्हन यांनीं नांवें देऊन स्पष्ट केला, व पुढें बेंजामिन ब्लूम यांनीं तो विद्यार्थ्यांच्या अभ्यासास लागू केला. आपल्या महाराष्ट्रांत २०१० पासून शाळांच्या व्यवहारांत 'आकारिक मूल्यमापन' व 'संकलित मूल्यमापन' असे जे दोन शब्द आले, ते याच भेदाचे. शब्द जड आहेत. अर्थ मात्र शेतकऱ्याच्या घरच्या मुलासही ठाऊक आहे. आकारिक म्हणजे बांधावरची फेरी; संकलित म्हणजे खळ्यावरचें माप.

गणितांत या फेरीची गरज सर्वांत अधिक, कारण तेथें एक पायरी निसटली कीं पुढचा सारा जिना डळमळतो. एका मुलानें वहींत लिहिलें : १/२ + १/३ = २/५. शिक्षकानें लाल शाईनें फुली मारली व शून्य दिलें. मुलानें वही मिटली. येथें शिक्षण झालें काय ? आतां तीच वही घेऊन दुसऱ्या रीतीनें पाहूं. शिक्षक विचारतात, "बाळ, २/५ हे अर्ध्याहून मोठे कीं लहान ?" मूल विचार करून म्हणतें, "लहान." "मग अर्ध्यांत आणखी कांहीं मिळविल्यावर तें अर्ध्याहून लहान कसें झालें ?" मूल थबकतें, आणि तें थबकणें लाख मोलाचें आहे. तें पुढें सांगतें, "सर, मीं वरच्यांत वरचे मिळविले, खालच्यांत खालचे." ही रीत त्यानें आणली कोठून ? आम्हांस वाटतें, ती त्यानें आमच्याच गुणपत्रकावरून आणली ! पहिल्या प्रश्नांत दोनांपैकीं एक, दुसऱ्यांत तीनांपैकीं एक, मिळून पांचांपैकीं दोन : गुणांची बेरीज आपण अशीच करितों. मूल मूर्ख नव्हतें. एका ठिकाणची खरी रीत त्यानें भलत्या ठिकाणीं लाविली होती. हें कळल्यावर अपूर्णांकाची बेरीज शिकविणें किती सोपें होतें ! फुलीनें हें कधींही कळलें नसतें.

तीच गोष्ट इतर चुकांची. ०.८ पेक्षां ०.३५ मोठे, असें मूल म्हणतें, कारण आठापेक्षां पस्तीस मोठे. (अ + ब)² म्हणजे अ² + ब², असें दुसरें लिहितें. त्यास अ म्हणजे ३ व ब म्हणजे ४ घेऊन पाहावयास सांगावें, म्हणजे एकीकडे ४९ व दुसरीकडे २५ येऊन तें आपणच चकित होतें. शास्त्रांत, विजेचे दोन सारखे दिवे एकापुढें एक जोडिले तर पहिला दिवा विजेचा कांहीं भाग 'खाऊन टाकतो' व दुसरा मंद लागतो, असें पुष्कळांस वाटतें. दिवे प्रत्यक्ष जोडून दाखवावे, दोन्ही सारखेच लागतात. परंतु जोडण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला अंदाज पाटीवर किंवा चिठ्ठीवर लिहावा. ज्यानें अंदाज लिहिला त्याच्या मनांत प्रयोग रुजतो. ज्यानें लिहिला नाहीं त्याच्यापुढें नुसता दिवा लागतो.

ही केवळ आमची समजूत आहे असें कोणी म्हणेल, म्हणून जाणत्या लोकांनीं काय पाहिलें तें थोडक्यांत सांगतों. शिक्षक प्रश्न विचारून उत्तराची वाट किती वेळ पाहतो, हें अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषींनीं शास्त्राच्या तासांना मोजून पाहिलें व १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. तो काळ सुमारें एक सेकंद भरला ! शिक्षकांनीं तोच काळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हां मुलांचीं उत्तरें लांब झालीं, न बोलणारीं मुलें बोलूं लागलीं, व मुलें आपण होऊन प्रश्न विचारूं लागलीं. इस्रायलांत रूथ बटलर यांनीं मुलांच्या एका गटास केवळ गुण दिले, दुसऱ्यास केवळ शेरे दिले व तिसऱ्यास दोन्ही दिलीं. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत केवळ शेरे मिळालेल्या मुलांची प्रगति झाली. गुण व शेरे दोन्ही ज्यांना मिळाले त्यांस, केवळ गुण मिळालेल्यांप्रमाणेंच, लाभ झाला नाहीं. गुण दिसला कीं शेरा कोणी वाचीतच नाहीं, हाच त्याचा अर्थ.

लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनीं सुमारें २५० अभ्यास तपासून १९९८ सालीं असें दाखविलें कीं, वर्गांतल्या अशा तपासणीनें शिक्षणाचा दर्जा वाढतो, आणि मागें पडलेल्या मुलांस तिचा विशेष उपयोग होतो. यांपैकीं पहिले पदार्थविज्ञानाचे अभ्यासक, तर दुसऱ्यांनीं शाळेंत गणित शिकविलेलें. पुढें १९९९ ते २००१ या काळांत मेडवे व ऑक्सफर्डशायर या भागांतील सहा शाळांतल्या, प्रथम गणित व शास्त्र शिकविणाऱ्या, चोवीस शिक्षकांसह त्यांनीं ही गोष्ट प्रत्यक्ष वर्गांत करून पाहिली. शिक्षकांनीं वाट पाहून प्रश्न विचारिले, वहींवर गुणांऐवजीं शेरे लिहिले, आणि मुलांनीं आपल्याच कामावर हिरवी, पिवळी किंवा तांबडी खूण करून 'समजलें', 'अर्धवट समजलें', 'समजलें नाहीं' हें प्रामाणिकपणें सांगितलें. बाहेरच्या परीक्षांत या मुलांचे गुण कमी झाले नाहींत, उलट वाढले.

मग आपल्याकडे अडलें कोठें ? हा प्रश्न आम्ही आधीं स्वतःसच विचारितों. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व त्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलें. हेतु उत्तम होता. पण पुष्कळ ठिकाणीं शिक्षकाचा वेळ मुलाची चूक शोधण्याऐवजीं नोंदवह्या भरण्यांत जाऊं लागला. केंद्रीय मंडळानें नववी-दहावीस आणलेली ही योजना २०१७ सालीं मागें घेतली. आपल्या राज्यांत गेलीं कांहीं वर्षें दहावीच्या गणितांत व शास्त्रांत शंभरपैकीं वीस गुण शाळेच्या हातीं आहेत. ते वीस गुण आम्ही शिक्षक कसे देतों, हें आम्हांस ठाऊक आहे आणि मुलांसही ठाऊक आहे. तपकिरी कागदाचें नीटस आवरण घातलेलें जर्नल आलें कीं गुण पडतात.

त्या जर्नलांत एकदां डोकावून पाहावें. कांचेच्या चिपेंतून प्रकाशाचें अपवर्तन हा प्रयोग घ्या. आपाती कोन ३०, निर्गत कोन ३०. आपाती कोन ४५, निर्गत कोन ४५. सबंध वर्गाच्या जर्नलांत एकही अंश इकडचा तिकडे नाहीं! टांचण्या टोंचून, रेघा ओढून, कोनमापकानें ज्यानें खरोखर मोजिलें त्याचा कोन कधीं २९ येईल, कधीं ३१ येईल. असें एका मुलीस आलें होतें. तिनें तें खोडून ३० केलें, कारण तिच्या मैत्रिणींचे ३० होते. तिनें खरें पाहिलें व खोटें लिहिलें, आणि तें खोटें आम्हीं बरोबरची खूण करून स्वीकारिलें. ही गोष्ट आठवली म्हणजे आजही आमची मान खालीं जाते. शास्त्र शिकवावयाचें तें जें दिसलें तें लिहिण्यासाठीं. आणि आमच्या वीस गुणांनीं तिला शिकविलें काय, तर जें दिसावयास हवें तें लिही!

मोजमापास मोबदला जोडिला म्हणजे असेंच होतें, याची साक्ष इतिहासही देतो. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं शाळांचें अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या निकालावर ठरविण्याचा नियम केला. निरीक्षक व कवि मॅथ्यू अर्नोल्ड यांनीं त्यास कसून विरोध केला, कारण शिक्षण यांत्रिक होऊन बसलें होतें. आपल्या मुंबई इलाख्यांतही एकोणिसाव्या शतकांत खाजगी शाळांस, व त्यांत मिशनच्या शाळाही आल्या, निकालावरून अनुदान देण्याची रीत होती. अगदीं अलीकडचें उदाहरण २०२१ सालचें. महामारीमुळें राज्याची दहावीची परीक्षा रद्द झाली, आणि नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरच्या मूल्यमापनाचे ३० व अंतर्गत कामाचे २०, असे शंभरही गुण शाळांनीं दिले. निकाल लागला शेंकडा ९९.९५ ! संकटाचा काळ होता, मुलांचा कांहीं दोष नव्हता, आणि दुसरा मार्गही सुचण्याजोगा नव्हता. तथापि वर्षानुवर्षें आम्हीं वर्गांतल्या तपासणीस खरें बोलण्याची संवय लाविली असती, तर त्या वर्षीं तिच्या शब्दास अधिक वजन आलें असतें.

येथें कोणी तीन आक्षेप घेतील. पहिला असा कीं, वर्गांत साठ मुलें असतां एकेकाची चूक कोण शोधणार ? आक्षेप खरा आहे. परंतु साठ मुलांच्या साठ निरनिराळ्या चुका नसतात. एका धड्यांत चारपांचच ठळक चुका असतात, आणि तास संपतांना प्रत्येकानें एका प्रश्नाचें उत्तर चिठ्ठीवर लिहून दिलें तर दहापंधरा मिनिटांत त्या चिठ्ठ्या चाळून त्यांचे ढीग पाडतां येतात. दुसरा आक्षेप पक्षपाताचा. शिक्षकाच्या हातीं सारें दिलें तर ओळखीपाळखीचीं मुलें पुढें जातील व गरिबाचें मूल मागें राहील, ही भीति निराधार नाहीं. मुलाचें नांव-गांव न जाणणारा परीक्षक गरिबाच्या मुलास मोठा आधार आहे. म्हणूनच वार्षिक व शालान्त परीक्षा नकोत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. खळ्यावर माप हवेंच. त्यानें बांधावरच्या फेरीची जागा घेऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें. तिसरा आक्षेप असा कीं, गुण नसतील तर मुलें अभ्यास करणार नाहींत. यास उत्तर म्हणून मुलांना पतंग उडवितांना पाहावें. पतंग गोत खाऊं लागला कीं तीं त्यास उतरवितात, कन्नी तपासतात, शेंपटी जोडतात व पुन्हां उडवितात. त्यांस गुण कोण देतो ?

तेव्हां येत्या वर्षीं आठवीच्या व नववीच्या वर्गांत आम्ही एक गोष्ट करून पाहण्याचें ठरविलें आहे. गणिताच्या व शास्त्राच्या साप्ताहिक चांचण्यांच्या वह्यांवर गुण दिसणार नाहींत, शेरा दिसेल. 'छान', 'लक्ष दे', 'अक्षर सुधार' असले शेरे आम्हींही पुष्कळ लिहिले. त्यांनीं कोणाचें गणित सुधारलें नाहीं. नवा शेरा असा असेल : "समीकरण बरोबर मांडलें आहेस. तिसऱ्या ओळींत कंस सोडवितांना उणें चिन्ह दुसऱ्या पदास लागलें नाहीं. चौथें व सातवें उदाहरण पुन्हां करून दाखव." पुढच्या तासाचीं पहिलीं पंधरा मिनिटें अशा दुरुस्तीसाठीं राखून ठेवूं. नियमाप्रमाणें जे गुण द्यावयाचे ते सत्राच्या अखेरीस देऊंच. आणि प्रयोगाच्या जर्नलांत ज्याचा कोन ३१ आला त्यानें ३१ च लिहावा. तो कां आला असावा हें दोन ओळींत सांगावें. त्यास अधिक मान मिळेल, हें आमचें वचन आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडून आम्हांस एकच गोष्ट हवी. न समजलें तर 'समजलें' म्हणूं नका. वर्गांत सर्वांनीं माना डोलावल्या म्हणजे शिक्षकास वाटतें कीं गाडी पोंचली. वास्तविक ती मागच्याच स्टेशनावर उभी असते. ज्यानें हात वर करून "बाई, मला हें समजलें नाहीं" म्हटलें, त्यानें स्वतःवरच नव्हे तर मागच्या बांकावरच्या दहा जणांवर उपकार केले असें समजा.

पालकांस आमची विनंति अशी. मूल घरीं आलें कीं "किती पडले ?" हा प्रश्न आठ महिने बाजूस ठेवावा. वही उघडून शेरा वाचावा, वाचतां येत नसेल तर मुलाकडूनच वाचवून घ्यावा, आणि विचारावें, "काल काय चुकत होतें, आज काय जमलें?" त्यासाठीं आईबापांस गणित यावयास पाहिजे असें नाहीं. ऐकून घेण्यास वेळ मात्र पाहिजे. वहींवर गुण नाहींत म्हणून शाळा आळशी झाली असें कृपा करून मानूं नये. उलट एक आंकडा लिहिण्यास जितका वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ एक खरा शेरा लिहिण्यास लागतो. पालकसभेंत "वीसपैकीं अठराच कां ?" असें विचारण्याऐवजीं "तो अडतो कोठें ?" असें आपण विचारिलेंत, तर आमच्या कामास केवढें बळ येईल !

शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरांत हरवला असें वाटून त्याचे आईबाप तीन दिवस त्यास शोधीत होते. तेव्हां तो गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत असलेला त्यांस आढळला. आमच्या आठवी-नववीच्या मुलांचें वय तेंच, बारा-पंधरा वर्षांचें. ऐकावें, विचारावें, चुकावें आणि सुधारावें असें हें वय आहे. या वयांत मूल प्रश्न विचारावयास भिऊं लागलें तर तें आम्हां वडील मंडळींचें अपयश होय, मग प्रगतिपुस्तकांत कितीही सुंदर आंकडे असोत. पुढच्या वर्षींच्या अंकांत या प्रयोगाचा हिशेब, त्यांतल्या आमच्या चुकांसह, वाचकांपुढें मांडूं असें अभिवचन देऊन, आणि आमच्या मुलांस खरें पाहण्याची व खरें लिहिण्याची बुद्धि परमेश्वर देवो अशी प्रार्थना करून, हा लेख पुरा करितों.